नाव घ्यायचं नाही

सोमवार, १४ एप्रिल १९८६

फळ्यावर अकरा नावं! शेडमध्ये पाऊल टाकल्याबरोबर आधी ती मोजली. खडूनं ठळक लिहिलेली, आणि प्रत्येकीपुढं तिचा गुन्हा. 'कमळा — साल रसात.' 'हौसा — डबा पाडला.' 'तुळसा — उलट उत्तर.' दामले सुपरवायझर नोकरी सोडून दापोलीला गेले, पण फळा मागे ठेवून गेले.

आता त्यांच्या जागी मी. चौदा वर्षं आमच्या मालकांच्या, भाऊंच्या, ऑफिसात टाईपरायटर बडवला. परवा भाऊ म्हणाले, वासंतीबाई, बायका दामल्यांना बधल्या नाहीत, तुम्ही बघा. बघते म्हटलं. बघायची हौस मला जन्मजात आहे. पद्मजा तर म्हणते, ताई, तुझं नाक शेजारच्या घरात आधी जातं आणि तू मागून जातेस. धाकट्या बहिणीनं असं बोलावं? पण खोटं नाही.

तर आज नुसतं बघितलं. आंबा आढीतून येतो, धुतात, कापतात, रस गाळतात, तापवतात, डब्यात भरतात. मग झाकण, आणि शेवटी डबे लोखंडी जाळीत रचून उकळत्या पाण्याच्या टाकीत सोडतात. अर्धा तास. एवढीच आमची विद्या! तीस बायका आहेत. झाकणाचं मशीन काशी भुवड चालवते, टाकी भागोजी सांभाळतो, आणि बाकी सगळं गोदाच्या मानेवर चालतं. तिला कुणी मुकादम नेमलेलं नाही. पण तिनं मान हलवल्याशिवाय कुणी कोयतीसुद्धा खाली ठेवत नाही.

दुपारी रसाची चाळण फाटलेली सापडली. केव्हा फाटली, कशी फाटली? तीस तोंडं, सगळ्यांनी मूग गिळलेले. मी रागावले नव्हते हो. मला नुसतं जाणून घ्यायचं होतं. फाटक्या चाळणीतून तासभर रस गेला असेल, आणि शेजारी उभ्या बाईला ते दिसलं नसेल, हे कसं शक्य आहे?

१५ एप्रिल

फळा उतरवला. गोदा म्हणाली, खिळा पण काढा.

काढला.

शुक्रवार, १८ एप्रिल

डोक्यात किडा वळवळतोय. फळा गेला, तरी कुणी बोलत नाही! आज एक नासका आंबा रसात गेला. वासानं मलाच कळलं, सगळा रस ओतावा लागला. कापणाऱ्या सहा जणींपैकी एकीच्या हातून गेला असणार आणि उरलेल्या पाच जणींनी बघितलं असणार. विचारलं तर सहाही जणी माझ्याकडे अशा बघतात की जणू आंबाच त्यांनी पहिल्यांदा पाहिला.

सुट्टीत गोदाजवळ जाऊन बसले. तिनं भाकरीचा तुकडा पुढं केला, वर सुकटीची चटणी. आम्ही घरात मासे खात नाही, पण मी खाल्ली. (पद्मजाला सांगणार नाही. आईला तर नाहीच.) झकास होती! खाता खाता विचारलं, गोदाबाई, असं का?

ती म्हणाली, "ताई, तोंड उघडला की नाव फळ्यावर. मग कशाला उघडायचा?"

म्हटलं, फळा तर गेला की.

त्यावर ती चावत राहिली. मग म्हणाली, फळा भिंतीवर कुठं होता, दामल्यांच्या डोक्यात होता. तुमच्या डोक्यात काय आहे ते आम्हाला काय ठाऊक?

राग आला. चार दिवस मी एवढी गोड बोलतेय! पण घरी येताना मांडवीच्या रस्त्यावर चालताना वाटलं, बरोबर बोलली. माझ्या डोक्यात काय आहे ते मला तरी कुठं ठाऊक आहे?

सोमवार, २१ एप्रिल

आज काय सापडलंय! लिहिताना हात थांबत नाही.

मोठी टाकी आज पहिल्यांदा पेटवली. इतके दिवस लहान टाकीवर काम चाललं होतं. भागोजीनं टाकीसमोर नारळ ठेवला, बायका गोळा झाल्या. गाऱ्हाणं घालायचं. खरं हे काम पुरुषांचं, पण भागोजीला चार शब्द धड जुळवता येत नाहीत. गोदाचा बाप गावात गाऱ्हाणं घालायचा, तिला सगळं पाठ आहे. पदर खोचून ती उभी राहिली, हात जोडले आणि तिचा आवाजच बदलला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्यापुढं उभी हायत."

"व्हय म्हाराजा!" तीस जणी एकदम. माझ्या अंगावर काटा आला.

टाकीला सांभाळ, आंब्याला सांभाळ, व्हय म्हाराजा. आणि मग —

"कुणाच्या हातनं चाळण फाटली असंल, कुणाच्या हातनं नासका आंबा रसात गेला असंल, ता पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

मी तिथंच थक्क! आठवडाभर मी ज्याच्यासाठी जीव टाकत होते ते सगळं गोदानं देवापुढं मांडून टाकलं. चाळण, आंबा, सगळं. नाव तेवढं नाही. आणि कुणाच्या चेहऱ्यावर भीती नाही. उलट हौसानं केवढा मोठा श्वास सोडला! आंबा तिचाच होता तर.

म्हणजे या बायका बोलतात. मला नाही सांगत, देवाला सांगतात.

२२ एप्रिल

गोदाला विचारलं, हे गाऱ्हाणं रोज सकाळी घातलं तर? काम सुरू व्हायच्या आधी. आदल्या दिवशी काय काय चुकलं ते सगळं त्यात घालायचं.

ती म्हणाली, देवाला रोज उठून छळायचं काय? पण हसली. मग तिनं अटी घातल्या. एक, नाव कुणाचं घ्यायचं नाही, आणि मी मागून हळूच विचारायचंही नाही. दोन, मी ऑफिसच्या दारात उभी राहून ऐकायचं नाही, सगळ्यांत येऊन उभं राहायचं. "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

दोन्ही अटी कबूल केल्या. पहिली जड जाणार आहे.

२६ एप्रिल

पहिली फारच जड जातेय!

पण काय काय बाहेर येतंय. कुणाची तरी काचेची बांगडी रसात पडली, ती सापडली पण एक तुकडा कमी आहे म्हाराजा. तो सबंध रस गाळून तुकडा काढला. कुणीतरी हात न धुता टेबलावर बसलं म्हाराजा. कुणाचं तरी लक्ष घरी तापलेल्या पोरात होतं आणि कोयती बोटाला लागली म्हाराजा. बायका आता सकाळी आल्या आल्या गोदाच्या कानाला लागतात, ती मान डोलावते आणि एकेक गाऱ्हाण्यात घालते. मी कान टवकारून उभी. कुणाची बांगडी, कुणाचं पोर, हे डोक्यात घोळत राहतं. विचारत नाही. ओठ चावते.

आज मात्र एक जण स्वतःच बोलली. काशी. गाऱ्हाणं संपलं, तशी माझ्यामागून आली. अंगानं शिडशिडीत, बोलणं कमी. नवरा गिरणी बंद पडल्यापासून घरी आहे, तिच्या एकटीच्या हातावर घर चाललंय. म्हणाली, ताई, झाकणाचं मशीन मधेच एखादा डबा नीट दाबत नाही, दामल्यांच्या वेळेपासून. सांगितलं असतं तर म्हणाले असते तुझाच हात वाकडा. मी लगेच मेकॅनिक बोलावला. आतली एक स्प्रिंग झिजली होती, बदलली. काशी संध्याकाळपर्यंत नव्या मशीनसारखं मशीन पुसत होती.

२ मे

या आठवड्यात रस एकदाही ओतावा लागला नाही. काल कापणाऱ्या बायका गाणं म्हणत होत्या! भाऊ शेडच्या दारात थबकले. म्हणाले, हे काय? म्हटलं, काम.

५ मे

भाऊंकडे मुंबईचा खरेदीदार आला होता, आमचे डबे आखाती देशांत पाठवतो. शेडमधला बदल बघून त्यानं विचारलं की हे कसं केलंत. भाऊंनी मला बोलावून कागद करायला सांगितला.

टाईपरायटरवर बसले आणि बोटं अशी धावली! चौदा वर्षं दुसऱ्यांचं टाईप केलं, आज माझं. फळा कसा उतरवला, गाऱ्हाणं, सगळं. उदाहरण पाहिजे म्हणून लिहिलं — 'झाकण मशीनवरील कामगार काशी भुवड हिने मशीनमधील दोष स्वतःहून निदर्शनास आणला.' छान वाक्य झालं. दोनदा वाचलं.

गोदाला सांगितलं नाही. नाव घेतलं म्हणून कुरकुर करील. पण हे तर कौतुकासाठी आहे!

गुरुवार, ८ मे

एक लहानसा घोळ होता, तो आज मिटवला. बायका दुपारच्या सुट्टीनंतर रोज दहा मिनिटं उशिरा येतात. पावणेदोनच्या दोनला पाच कमी होतात. दामले असते तर आरडाओरडा. मला आरडाओरडा करायचा नाही आणि फळा तर नाहीच. मग बाबांची युक्ती आठवली. आमच्या घरातलं घड्याळ बाबांनी जन्मभर दहा मिनिटं पुढं ठेवलं, आम्ही कधी शाळेला उशिरा गेलो नाही.

सव्वाला शेडमध्ये कुणी नव्हतं. बायका आवारातल्या फणसाखाली, भागोजी टाकीची जाळी सोडून दाराबाहेर भाकरी खात बसलेला. स्टुलावर चढले, काच उघडली आणि काटा दहा मिनिटं पुढं केला. झालं! कुणाला बोलायला नको, कुणाचं मन दुखवायला नको. संध्याकाळी त्याच घड्याळानं सुटतील तेव्हा दहा मिनिटं आधीच सुटतील, हातखंब्याच्या एस.टी.त बसायलाही मिळेल. कुणाचं काही जात नाही.

सगळ्या बरोबर खऱ्या पावणेदोनला हजर. स्वतःवरच खूष आहे. चार आण्यांचे चणे घेतले आणि मांडवीच्या वाळूत बसून एकटीनं खाल्ले.

९ मे

गोदा आज गाऱ्हाण्यात म्हणाली, "काल दुपारी घड्याळाचा काटा कुणाच्या हातनं सरकला असंल, ता पोटात घाल म्हाराजा." सगळ्या हसू दाबत होत्या. दिसलं वाटतं कुणाला तरी! मीही हसले आणि मोठ्यानं म्हटलं, व्हय म्हाराजा. जेवणाची दहा मिनिटं गेली म्हणून टोमणा. जाऊ दे. चालायचंच.

१५ मे

पाचशे पेट्या तयार. डबे पंधरा दिवस गोदामात ठेवतात, मग एकेक तपासून वर कागद चिकटवतात. तपासायचं कसं? लाकडी काठीनं झाकणावर टकटक करून. चांगला डबा टणक वाजतो, बिघडलेला भसका. गोदाचा कान असा आहे की चालता चालता वाजवत जाते आणि मागं वळून बघतही नाही. मी अर्धा तास शिकले. मला सगळे सारखेच ऐकू येतात.

शुक्रवार, २३ मे

आज गोदा वाजवत चालली होती आणि थांबली. मागं आली. पुन्हा वाजवला. शेजारचा वाजवला. मग काठी खाली ठेवली.

८ तारखेच्या मालातले डबे. झाकणं हाताला लागतील एवढी फुगलेली. एक फोडला, तर फसफसून ताडीसारखा वास!

त्या तारखेचा सगळा माल अडकला. खरेदीदार परवा गाडी घेऊन येणार होता. भाऊंचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी एकच विचारलं, डबा फुगतो कशानं? म्हटलं, झाकणातून हवा जाते, नाहीतर उकळी कमी पडते. भाऊ म्हणाले, उकळीची वही मी बघितली, प्रत्येक जाळीला भागोजीनं अर्धा तास लिहिलाय. म्हणजे झाकण.

मग खणातून त्यांनी कागद काढला. माझा! माझं छान वाक्य! 'काशी भुवड हिने मशीनमधील दोष स्वतःहून...' भाऊ म्हणाले, तिनं स्वतःच कबूल केलंय, वासंतीबाई, तुमच्याच टाईपरायटरवर.

म्हटलं, स्प्रिंग बदलली, मशीन दुरुस्त झालं. ते म्हणाले, दुरुस्त झालं तर डबे का फुगले?



शनिवार, २४ मे

काशीला मशीनवरून उठवलं. महिनाअखेरीला कायमची घरी. खरेदीदाराला नाव सांगायचं आहे, भाऊ म्हणाले, आणि नाव एकच आहे. इथल्या चार कारखान्यांत ही बातमी जायला किती वेळ? मग तिला कुणी उभं करणार नाही.

काशीनं हात धुतले, पदराला पुसले आणि कापणाऱ्या टेबलावर जाऊन बसली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं.

२६ मे

गाऱ्हाणं पाच वाक्यांत संपलं. टाकीला सांभाळ, आंब्याला सांभाळ, संपलं. कुणाचं काही चुकलंच नाही म्हणे! सकाळी गोदाच्या कानाला कुणी लागलं नाही. दुपारी रसात साल होती. विचारलं. तीस तोंडं, मूग.

महिनाभर केलेलं सगळं एका कागदानं घालवलं. माझ्या कागदानं. गोदानं पहिलीच अट घातली होती, नाव घ्यायचं नाही. मी घेतलं, आणि तेही मिरवायला. स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते.

२७ मे

पण थांब वासंती. जरा डोकं चालव.

झाकणाचं मशीन चुकतं तेव्हा मधेच एखादा डबा चुकतो, हे काशीनंच सांगितलं होतं. मग फुगलेले डबे इथं एक, तिथं एक असे असायला हवेत. उद्या गोदामात जाऊन बघते.

२८ मे

गोदाला घेऊन गोदामात गेले. ती माझ्याशी बोलत नाही, पण काठी घेऊन आली. ८ तारखेचे डबे ज्या क्रमानं टाकीतून निघाले त्याच क्रमानं रचलेले आहेत, एका जाळीची एक रास. पहिली रास टणक. दुसरी टणक. तिसरी, चौथी टणक. पाचवी रास वरपासून खालपर्यंत भसकी! सहावी पुन्हा टणक, पुढच्या सगळ्या टणक.

एकच जाळी! एकदम सगळी! मग झाकण नव्हेच. ही जाळी उकळलीच कमी. काशी सुटली!

धावत जाऊन भागोजीची वही काढली. ८ मे, पाचवी जाळी — टाकली एक वाजता, काढली दीड वाजता. अर्धा तास बरोबर. भागोजी शपथ घेऊन सांगतो की घड्याळ बघून काढली. आणि तो खोटं बोलणारा नाही, त्याला तेवढं सुचतच नाही.

मग कसं? अर्धा तास उकळलं आणि अर्धा तास उकळलं नाही, असं कसं होईल?

त्या दिवशी काय वेगळं झालं ते कुठं लिहिलेलं असेल का? ही वहीच आहे की. घरी आल्याआल्या मागची पानं चाळली.

२८ मे, पुन्हा

सापडलं.

माझ्याच अक्षरात. 'भागोजी टाकीची जाळी सोडून दाराबाहेर भाकरी खात बसलेला. स्टुलावर चढले, काच उघडली आणि काटा दहा मिनिटं पुढं केला.'

सव्वाला. जाळी आत असताना. भागोजीनं घड्याळात दीड बघितला तेव्हा खरे एक वीस झाले होते. वीस मिनिटं. मी दहा मिनिटं चोरली आणि वर चणे खाल्ले.

गुरुवार, २९ मे

पद्मजाला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते, तिला पटकन कळलं. म्हणाली, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?

मला तो प्रश्न आवडला नाही. कारण सकाळपासून मी स्वतःला तेच विचारत होते. खरं लिहायचं तर, येताना रस्त्यात मी एक वाक्यसुद्धा तयार केलं होतं — घड्याळात काही बिघाड झाला असावा. 'असावा'! चौदा वर्षं ऑफिसची पत्रं टाईप केल्याचा हा गुण. लाज वाटते, पण केलं होतं हे खरं.

सुपरवायझर होऊन दीड महिना झाला. पुन्हा टाईपरायटर. आणि सगळ्या रत्नागिरीत, वासंतीबाईंनी माल घालवला. नको वाटतंय. पण काशीनं हात धुतले ते डोळ्यांसमोरून जात नाही.

३० मे

भाऊंना सांगितलं. सगळं. काटा, सव्वा, पाचवी रास.

भाऊ बराच वेळ पेन फिरवत बसले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं! ते शांतपणे म्हणाले, वासंतीबाई, खरेदीदाराला मी काय सांगू? आमच्या सुपरवायझरनंच? ज्या बाईचा कागद मी त्याच्या हातात दिला, तिनंच? पुढच्या हंगामाला तो आमच्या दारात उभा राहील का? काशीचं नाव गेलेलं आहे, ते तसंच राहू दे. हंगाम आठ दिवसांत संपतोय. पुढच्या वर्षी बघू तिचं काहीतरी. तुम्ही हे मला सांगितलंत, तुमचं मन मोकळं झालं, आता विसरा.

माझं मन मोकळं झालं! काशीचं काय?

मी म्हटलं, विचार करते. हे म्हणून मी बाहेर आले, आणि मला त्याचाच जास्त राग येतोय. विचार कसला करायचाय त्यात?

उद्या शेवटचा दिवस आहे काशीचा. उद्या भाऊ सकाळीच शेडमध्ये येणार आहेत, खरेदीदाराला घेऊन.

आधी घड्याळ बरोबर लावायचं. मग बाकीचं.

शनिवार, ३१ मे

घड्याळ बरोबर लावलं. गोदा गाऱ्हाण्याला पुढं झाली, तर म्हटलं, थांबा, आज मी घालते. माझ्या तोंडी ते शोभत नव्हतं. दारात भाऊ आणि खरेदीदार. बा देवा म्हाराजा, म्हटलं, आठ तारखेला टाकीत जाळी असताना घड्याळाचा काटा जिनं पुढं सारला, ती —

"व्हय म्हाराजा!"

माझं नाव माझ्या तोंडातून निघायच्या आत, तीसही जणी. तरी मी नाव घेतलंच. मोठ्यानं, दारापर्यंत जाईल असं. खरेदीदार माझ्याकडे बघतच राहिला. मग भाऊ खाली मान घालून एवढंच म्हणाले, काशी, मशीन चालू कर. माझी सोमवारपासून पुन्हा टाईपरायटरवर रवानगी.

काशी माझ्या शेजारून मशीनकडे निघाली, तेव्हा कोड्यात पडून विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाली, नऊ तारखेपासून. तुळसानं तुम्हाला स्टुलावर बघितलं होतं. डबे फुगले तेव्हा सगळ्यांना उमगलं. म्हटलं, अगं, तुझी नोकरी चालली होती, मग बोलली का नाहीस?

"नाव घ्यायचा नाय, असा ठरलेला ना, ताई."